भरउन्हात पेटवलेली चिमणी

माझं कोणी खरं धरलं नाही. धरणार तरी कसं? उजेडात बसून माणसं एकमेकांना विचारतात, उजेडाला कोणी विचारत नाही. मी चिमणी बोलतेय. झाडावरची नव्हे, राकेलची.

शेलूबाजारच्या बाजारात लखीराम नावाचा म्हातारा फुटक्या डब्यांना झाळ द्यायचा. त्यानं एका डबीला नळी बसवली, चिंधीची वात ओवली, आणि मी झाले. मंगरुळच्या दौलतरावांनी घासाघीस करून मला विकत घेतलं. जाताना वर एक वातही फुकट मागून घेतली. माणूस मला तिथंच कळला.

दौलतरावांच्या घरामागे भाड्याच्या चार खोल्या होत्या. कापसाच्या जिनात राबणारी माणसं त्यात राहायची. शेवटच्या खोलीत रुपाबाई राहायची, विधवा. तिची लेक सोनी पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि दिवस भरत आले होते.

भाडं उशिरा आलं की रोज भांडण. म्हणून पंचांनी नियम घालून दिला. बाजाराच्या दिवशी दिवा लागायच्या आत भाडं पोचलं पाहिजे. दिवा लागला की उशीर झाला. उशिराची एक पायली ज्वारी. आणि तीनदा उशीर झाला की खोली खाली.

"पन कोनाच्या घरचा दिवा धरायचा?" रुपाबाईनं विचारलं होतं.

"माह्या वसरीतला धरा. समोरच तं हाये," दौलतराव म्हणाले.

बबनराव पंचांनी मान डोलावली. दिवा म्हटलं की अंधारातच लागणार, असं त्या शहाण्यांना वाटलं. दिवा कधी लावायचा, हे कोणी ठरवलंच नाही.

झालं! वसरी म्हणजे ओसरी, आणि तिथला दिवा म्हणजे मीच की.

त्या हंगामात एक कापसाचा दलाल आला आणि रुपाबाईच्याच खोलीला दुप्पट भाडं देतो म्हणाला. त्याच बाजारी, लिंबाच्या शेंड्यावर ऊन असताना, दौलतरावांनी सुनेला हाक मारली.

"ललिता, चिमनी लाव."

"मामाजी, अजून ऊन हाये."

"तुले टाइम विचारला का म्या? लाव म्हनलं तं लाव."

ललितानं काडी ओढली. उन्हात पेटताना लाज वाटते हो. ना उजेड पडतो, ना कोणी बघतं. नुसतं राकेल जळतं.

रुपाबाई जिनातून सुटून आली, तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू होते आणि पदराला भाडं बांधलेलं होतं. मला पाहून ती थबकली.

"कावळे अजून झाडावर बसले नाही, अन् चिमनी लागली काहून?"

"चिमनी माही, राकेल माह्यं, लावनारी सून माही. तुह्यं काय जळते?"

तिनं पायलीभर ज्वारी मोजून दिली. पुढच्या बाजारी तेच झालं. ती धावत आली, धापा टाकत, तरी मी पेटलेलीच. घरात बाळंतीण होणारी लेक असताना तोंडचा दाणा द्यायचा, म्हणजे काय ते बाईलाच कळतं.

तिसऱ्या बाजारी ती मुकादमाच्या हातापाया पडून लवकर सुटली. अंगणात अजून ऊन पसरलेलं होतं. आणि वसरीत मी जळत होते!

तिनं मला उचललं आणि तशीच रस्त्याला लागली. "पाहा रे पाहा! उनात चिमनी पाहा!" ओरडत ती बबनरावांच्या घराकडे निघाली. पण उन्हात माझी ज्योत दिसते कोणाला? लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. वाटेत वारा सुटला आणि मी विझले.

बबनराव झोपले होते. ते उठले, तोंड धुतलं, चहा घेतला, पानाला चुना लावला. बाहेर येईस्तोवर सूर्य बुडाला होता.

"विझलेली चिमनी घेऊन सांगून राह्यली का उनात जळत होती म्हनून? अन् चिमनी तं दौलतरावाची दिसते. चोरून आनली का वं?"

सगळे हसले. माझी नळी अजून कोमट होती. एकानंही बोट लावून पाहिलं नाही.

मग पंच वसरीत आले. बबनरावांनी दाराआडच्या ललिताला विचारलं, "सूनबाई, दिवा केव्हा लावला?" दौलतराव खाकरले. आतून उत्तर आलं नाही. ती एक शब्द बोलली असती तर! पण त्याच घरात तिला उद्या भाकरी खायची होती.

दुसऱ्या सकाळी खोली खाली झाली. रुपाबाई सोनीला बैलगाडीत घालून आसेगावला भावाकडे निघाली. वाटेत बाभळीखाली सोनी मोकळी झाली. बाळ रडलंच नाही.

ती बातमी आली तेव्हा गावाला एकदम आठवलं, की हो, त्या दिवशी ऊन होतं. बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. पंच पुन्हा बसले, या वेळी मान खाली घालून.

दौलतराव उपरणं झटकत म्हणाले, "दिवा लावनं बायांचं काम हाये. म्या कदी काडी हातात धरली का?"

पंचांच्या जिवात जीव आला. बोट ठेवायला जागा सापडली. खोलीत दलालाच्या गाठोड्यांची थप्पी लागली होती, ती कोणी हलवायला सांगितली नाही.

घरात कंदील आला आणि मला गोठ्यात टाकलं. आता बुडाला गंज चढलाय, नळीत कोळ्यानं घर केलंय. त्याला तरी मी भाडं मागत नाही. तुम्हाला एवढंच सांगते, दिवा लागलेला दिसला की आधी आभाळाकडे बघा, आणि मग लावायला कोणी सांगितलं ते विचारा.

आमच्या गावानं ते विचारलं नाही. सोनीचं लेकरू कोणापायी गेलं म्हणाल, तर लहान पोरंही एकच नाव सांगतात –

ललिता.