गंधावरचा बुक्का

या, असे पुढे सरका, खांबाआड बसलात तर निम्मं कानावर पडायचं नाही. एका ठिपक्याची गोष्ट सांगतो, फार लांबवत नाही.

ठिपका राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, तांबूस, पोस्टाच्या तिकिटावरच्या एकतारीवाल्या बाईच्या कपाळावर. आणि त्यावर तिकिटं विकत घ्यायला आलेल्या झुंबरशेठचं भिंग आलं तसा तो बोराएवढा झाला... सावळीरामाने पायाची बोटं आवळली. संपलं. आता शेठ विचारणार, वहिनी ऐकणार, आणि ज्या भावाने जाताना ‘तिकिटं नीट माणसाच्या हाती दे रे’ म्हणून याच्यावर भार टाकला, त्याच भावाच्या तिकिटांना पंधरा वर्षं गुपचूप अष्टगंध लावणारा चोर गंगापूर रोडच्या या खोलीत, याच सतरंजीवर, मांडी घालून बसलेला सापडणार.

“हे काय हो, तांबडं?” शेठ म्हणाले.

“छापतानाच लावत असतील,” यशोदावहिनी चहा ठेवत म्हणाल्या. त्या येवल्याला लेकीकडे राहायला निघालेल्या, तिथे चौदा आल्बम ठेवणार कुठे? “हे असते तर ह्यांना बरोबर ठाऊक असतं.”

ह्यांना — कोंडाजीदादाला! दिवसभर नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तिकिटांचे ताव मोजायचे, सुटताना अंगझडती द्यायची, आणि मग पोस्टात रांग लावून तेच तिकीट विकत घ्यायचं, असा माणूस. तिकिटाला बोट म्हणून लावायचा नाही, चिमटा. आणि सावळीरामाचं सगळं ओल्या बोटाचं... एकादशीला अंघोळ करून यायचं, दादा कामावर गेलेला, वहिनी नळावर — आणि एवढे संत कोरड्या कपाळाने बसलेले बघवतात का कुणाला? आधी एकतारीवाली. मग ओळखीचे. मग दाढी दिसली की गंध —

“अहो, हा हंगेरीचा डॉक्टर आहे. ह्यालासुद्धा?”

“चेहरा सात्त्विक आहे,” सावळीराम बोलून गेला.

वहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली. “भाऊजी! तुम्ही?”

शेठनी मात्र शांतपणे तेरा आल्बम एकीकडे रचले आणि गंध लागलेला चौदावा सावळीरामाकडे सरकवला. “एवढे घेतो. जिवापाड जपेन. हा तुमच्या देवघरात ठेवा. पण काय हो, गंध लावलंत ते लावलंत, या बाईला वरून काळं कशाला?”

काळं?

“शिक्क्याची शाई असेल,” सावळीराम म्हणाला.

“शाईला वास येतो का असा?”

तो वाकला. तांबड्या ठिपक्याच्या बरोबर मधोमध काळा, केसाच्या टोकाएवढा, एक कण बाहेर नाही. बुक्का! मी कधी बुक्का लावला? मी नुसतं गंध... बोटाने एवढं बारीक जमतं कुठे? हे चिमट्याचं काम. गंगेवर, गोदेच्या घाटावर, कीर्तनाला मी आत आणि दादा बाहेर पायरीवर, शेंगा फोडत — “तू जा, मी चपला राखतो. देव कुठल्या टपालाने येतो ते तेवढं विचार तुझ्या बुवांना.” आणि परतताना दर वेळी, “आज बुवांचा घसा बसला होता, उत्तररंग नाही चढला.” म्हणजे ऐकत होता लबाड! मग एखाद्या रात्री त्यानेही कपाळ पुढे केलं असेल? आल्बम उघडून माझी करामत बघितली असेल, आणि ओरडायचं सोडून... राहिलेलं पुरं केलं असेल?

की हा कण माझ्याच कपाळावरून आत्ता गळला? सकाळी काकड्याला लावलेला... घामाने... बोट हुंगलं, बोटाला वास. पान हुंगलं, पानाला वास. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, की रडत होत्या, तेही कळेना.

आल्बम माझ्याकडेच आहे. पुसून बघितलं तर कळेल, जुना की आत्ताचा; पण पुसवत नाही.

तर मंडळी, उठताना बुवा बुक्का लावतील तो लावून घ्या. आणि बाहेर पायरीवर आपल्या चपला सापडल्या की, राखायला कुणी नसलं तरी, माझ्या कोंडाजीदादाची तेवढी आठवण ठेवा.