तीन तुकड्यांचा ढोला

मी एक ढोला बोलतोय. देशावरचे लोक मला कणगी म्हणतात. बांबूच्या कामट्यांनी विणलेलं आणि शेणमातीनं लिंपलेलं अंग घेऊन, वर्षभर पोटात धान सांभाळत उभं राहायचं, एवढंच आमचं आयुष्य. मी मात्र अखंड नाही, तीन तुकड्यांचा आहे. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

माझा जन्म भंडाऱ्याकडच्या आंबागड गावचा. त्याच्या आदल्या साली किल्ल्याच्या डोंगरावरच्या बांबूला फुलोरा आला होता. फुलला की बांबू मरतो. बघता बघता डोंगर पिवळा पडला. वाळका बांबू चिरायला घ्यावा तर कटकन मोडे, आणि ओढ्याकाठी हिरवं म्हणून जे सापडे ते कमरेएवढं.

डोमा बुरड चिरायचा, त्याची बायको पार्वताबाई विणायची. शेतकरी धनीरामजींना मळणीआधी ढोला हवा होता, नाहीतर ते भंडाऱ्याहून पत्र्याची कोठी आणणार होते. एका घरी कोठी आली की सारा गाव तिच्यामागे जाणार, हे डोमाला दिसत होतं.

"होत नाई म्हणून सांगतो त्याईले," तो म्हणाला. "अन् मी मॅंगनीजच्या खदानीत जातो. मजुरी तं भेटते."

पार्वताबाईचा भाऊ खदानीतून खोकला घेऊन आला होता आणि त्यातच गेला होता. ती एकदम उभी राहिली. "खदानीचं नाव काढू नका. तुमी तुकडे आना, मी पाहतो."

तिनं आखूड बांबूचे तीन घेर विणले आणि एकावर एक ठेवले. धान ओतलं तशी सांध्यातून धार लागली.

डोमा कसंनुसं हसला. "हा ढोला हाये का टोपल्याईची उतरंड?"

ती फाटलेल्या सांध्यापाशी बसून राहिली. चुलीवरचा भात करपला तरी तिला वास आला नाही. मग तिनं खालचा घेर पुन्हा विणायला घेतला. या खेपेला काठाशी कामट्या मुडपल्याच नाहीत. त्यांची टोकं उभी ठेवली आणि वरच्या घेरात खोचली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावी तशी. वरून शेणमाती दाबली. धान ओतलं. एक दाणा सांडला नाही.

मला धनीरामजींच्या घरी नेलं ते तीन तुकड्यांत. अखंड ढोला आतल्या खोलीच्या ठेंगण्या दारातून कधी गेलाच नसता. धनीरामजींची बायको गोदावरीबाई बुटकी. धान खाली गेलं की पूर्वी तिला ढोल्यात अर्धं अंग घालून लोंबकळावं लागायचं. आता तिनं नुसता माझा वरचा घेर उतरवला आणि ती हरखली. "पार्वताबाई, तू तं माही कंबर वाचवली वं!" तिनं ही गोष्ट गावभर केली. पुढं पार एकोडी गावापर्यंतची माणसं तीन तुकड्यांचा ढोला मागायला आली. डोमाची खदान राहून गेली ती गेलीच.

माणसांची मोठी गंमत वाटते मला. हाताशी सगळं असलं की ती बापजाद्यांनी केलं तसंच करतात. पण नुसत्या अडचणीनं काही सुचतं, हेही मला पटत नाही. अडचण तर डोमालाही तीच होती. पार्वताबाईला आपला माणूस घरी ठेवायचा होता.

काही वर्षांनी डोमा तापानं गेला. माझा वरचा घेर तेव्हा दुरुस्तीसाठी तिच्याच अंगणात होता, म्हणून मी पाहिलं. तिरडीला लांब, हिरवा बांबू लागतो. तो डोंगरावर अजून उगवून आला नव्हता. डोमाचा चुलतभाऊ चिंधू मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, लांब बांबू कुठंच नाई."

पार्वताबाईनं पदरानं डोळे पुसले.

"तुकडे आना," ती म्हणाली.

बायकांनी तिला धरून ठेवायला पाहिलं, पण तिनं ऐकलं नाही. टोकं चिरून एकमेकांत खोचली, वरून दोरी आवळली. गाठ सैल पडू दिली नाही. चौघांनी डोमाला उचललं तेव्हा मी त्या सांध्यांकडेच बघत राहिलो. एकही करकरला नाही.

आता मी म्हातारा झालोय. कोठ्या गावात आल्या आहेत, माझीही पाळी येईल. मला मोडाल तेव्हा एवढं करा. सांधा कुऱ्हाडीनं तोडू नका, हातानं सोडवा. तो तिनं घट्ट विणलाय, थोडा वेळ लागेल.