आवाज काढून दाखव

आमच्या घरात माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे. वैभवीनं बापाचा स्वभाव घेतला नाही, बापाकडे दुरुस्तीला आलेल्या मोटरींचा घेतला. बटण दाबलं की गरम. आई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी ते खोडून काढायला जाते आणि नेमका तेव्हाच माझा आवाज चढतो, म्हणून हल्ली खोडत नाही.

बाबांचं नरखेडला बसस्टँडजवळ मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. अडतीस वर्षं. आसपासच्या संत्र्याच्या बागांना पाणी पाजणाऱ्या निम्म्या मोटरी ताराचंद मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या. विहिरीतून मोटर वर काढायची म्हणजे चार माणसं, साखळी आणि अख्खा दिवस. म्हणून बाबांनी एक नियम केला होता: आधी मोटर आणायची नाही, आधी आवाज काढून दाखवायचा. शेतकरी एसटीनं येत, बाकावर टेकत, पाणी पीत आणि भर दुकानात तोंडानं आपापल्या मोटरीचा आवाज काढत. कोणी घुर्रर्र करी, कोणी खडखड, कोणी नुसतंच हूंऽऽ. मोठमोठ्या मिशांची माणसं, घरात ज्यांच्यापुढे कोणी बोलत नसे अशी, गाल फुगवून मोटर होत. मी कोपऱ्यात अभ्यासाची वही उघडून हसू दाबत बसायची. बाबा कधी हसले नाहीत. ते डोळे मिटत, मान डावीकडे कलती करत आणि ऐकत. मग म्हणत, "बेअरिंग गेली," किंवा "मोटर चांगली आहे गा, कायले काढतं बाहेर?"

ते चुकत नसत. चार वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. गुडघे दुखतात, म्हणाले.

या जानेवारीत आई-बाबा आठ दिवसांसाठी माझ्याकडे शहरात, मनीषनगरला आले. बाबांच्या एका पिशवीत संत्री होती आणि दुसरीत एक मोठा खोका. मी मागे कधीतरी फोनवर बोलता बोलता म्हटलं होतं की मिहानला ऑफिसात जाता-येता गाडीतला रेडिओ नुसता खरखरतो. मी विसरले होते. खोक्यात नवा स्टिरिओ होता, चार स्पीकर होते आणि एक वेगळा ॲम्प्लिफायर. बाबा या सगळ्याला मिळून 'टेप' म्हणतात.

"दुकानात बसवून घेऊ ना, बाबा."

"काहून? मी मेलो का?"

रविवारी सकाळी ते पार्किंगमध्ये उतरले ते चार वाजताच वर आले. मधे आईनं दोनदा चहा नेला. मी खाली गेले तेव्हा माझे बाबा, वय वर्षं सदुसष्ट, सीटच्या खाली डोकं घालून उलटे पडले होते, पाय दाराबाहेर. गुडघ्यांचं त्यांनी नावही काढलं नाही. मला तेव्हाच काही कळायला हवं होतं, पण मी फोटो काढण्यात दंग होते.

संध्याकाळी आम्ही तिघं गाडीतून फिरायला निघालो. बाबा माझ्या शेजारी, आई मागे. आईच्या आवडीचं जुनं गाणं लावलं. आवाज खरंच सुरेख होता. पहिल्या सिग्नलला गाणं संपलं आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. एक बारीक कूंऽऽ. सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर दाबला, तसं ते कूंऽऽ वर चढलं. गिअर बदलला, खाली आलं. पुन्हा दाबला, पुन्हा चढलं. कानाशी डास घोंगावत असावा आणि तो माझ्या पायाच्या तालावर चढत-उतरत असावा, असं.

"बाबा, हे काय वाजून राहिलं?"

"काय?"

"हे. हे आत्ता. कूं करून राहिलं ते."

बाबांनी समोर पाहिलं, मग डॅशबोर्डकडे पाहिलं. "इंजिन असंन," म्हणाले. "नवीन टेप आहे. रुळंन."

टेप कसा रुळेल, हे मला विचारायचं होतं. आरशात पाहिलं तर आई खिडकीबाहेर बघत होती. मला राग आला. अडतीस वर्षं लोकांच्या मोटरी ऐकल्या आणि लेकीच्या गाडीचं ऐकायला तयार नाहीत; स्वतःच्या कामात चूक निघाली की माणूस कसा बहिरा होतो, असं मी मनात म्हटलं. अगदी याच शब्दांत म्हटलं. आजही आठवलं की माझीच मला लाज वाटते.

सोमवारी ऑफिसातली अदिती गाडीत होती. "वैभवी, तुझी गाडी रडतेय का गं?" तिनं विचारलं. मंगळवारी मी ऑफिसातून लवकर निघून गाडी एका मेकॅनिककडे नेली. आवाज ॲक्सिलरेटरबरोबर चढतो एवढं ऐकूनच त्यानं बॉनेट उघडलं, इंजिनाचा पट्टा जुना झाला म्हणाला आणि नवा घातला. जुना मी सवयीनं डिक्कीत टाकला. बाबांच्या घरात वाढलेलं माणूस कुठलाही पार्ट फेकत नाही. गाडी चालू केली. कूंऽऽ. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि हात घालून टेप बंद केला. आवाज थांबला.

"मॅडम, इंजिन एकदम ओके है. ये टेप का फिटिंग किसने किया?"

मी पट्ट्याचे पैसे मोजायला लागले.

"पूरा निकालके नया डालना पड़ेगा. सॅटर्डे को लाओ."

मी हो म्हणून टाकलं. शनिवारी बाबांना काहीतरी थाप मारायची, गाडी न्यायची, सगळं नव्यानं करून आणायचं. त्यांना कळणारही नाही. तोवर टेप बंद ठेवायचा. बाबांनी बुधवारी गाडीत बसताच विचारलंच, "टेप काहून बंद?" मी म्हटलं, डोकं दुखते.

त्याच संध्याकाळी कुकर लावला होता. बाबा ओट्याला टेकून पेपर वाचत होते, कुकरपासून दोन हातांवर. आईनं त्यांना सांगितलं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, आणि ती देवापाशी दिवा लावायला गेली. मी माझ्या खोलीतून मोजत होते. तीन झाल्या. चार. पाच. सहाव्या शिट्टीला आई जवळजवळ पळत आली आणि तिनं गॅस बंद केला. बाबांनी पेपराचं पान उलटलं.

मी आईला बाल्कनीत ओढलं.

"किती दिवसांपासून?"

"पाच वर्षं होतीन," आई म्हणाली. "बोललेलं ऐकू येते. बारीक आवाज नाही येत. पाखरू नाही, शिट्टी नाही. दुकान काहून बंद केलं वाटते तुले? गुडघे चांगले आहेत त्याईचे."

"मग डॉक्टरकडे काहून नाही नेलं?"

"नेऊन पाह्य तू." तिनं आत डोकावून पाहिलं. "वैभू, टेप बिघडला आहे, मले समजलं. पण तू तो काढून दुसऱ्याच्या हातून बसवू नको वं. चार वर्षांनी पेचकस हातात घेतला त्याईनं. थे समजलं तं आता पुन्हा नाही घेणार."

शनिवारपर्यंत दोन दिवस होते. गाडी नेली तर बाबा कायमचे हात बांधून बसणार. नाही नेली तर मी जन्मभर टेप बंद ठेवून डोकं दुखतंय म्हणणार. गुरुवारभर मी ऑफिसात सगळ्यांवर ओरडले.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा परतीच्या सामानासाठी डिक्कीत जागा पाहायला खाली गेले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात जुना पट्टा होता. त्यांनी तो दिव्याखाली धरला, उलटा करून पाहिला, बोटानं दाबून पाहिला.

"पट्टा चांगला आहे. बदलला काहून?"

आईनं कणकेच्या परातीत मान घातली.

"गाडीत आवाज येते का?"

"येते, बाबा."

"कवापासून?"

"रविवारपासून."

बाबा खुर्चीवर बसले. पट्टा मांडीवर ठेवला.

"मले नाही ऐकू येत," ते म्हणाले. "लोक मोबाईलमंदी आवाज भरून आणाले लागले. तोंडानं कोणी काढे नाही. मी फोन कानाले लावो, तं आत काहीच नाही. बागवाल्या रुपरावले अंदाजानं सांगितलं, बेअरिंग गेली. त्यानं चार माणसं लावून मोटर वर काढली. मोटर चांगली होती. त्या दिवशी शटर ओढलं." त्यांनी मांडीवरचा पट्टा सरळ केला. "इकडे येताना एसटीत भेटला थो. मोटर कुरकुर करून राहिली, म्हणे. मी खिडकीबाहेर पाहत बसलो."

मला रडू आलं. मला रडू आलं की मी चिडते, दुसरा मार्ग मला माहीत नाही.

"माया आवाज ऐकू येते ना तुमाले?" मी जवळजवळ ओरडले.

"तुया आवाज तं अख्ख्या बिल्डिंगले ऐकू येते."

"मग चला खाली."

खाली पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली, टेप लावला, दोन मिनिटं नीट ऐकलं. मग गाडी बंद करून बाहेर आले आणि बाबांसमोर उभी राहिले. हाताखाली अकरा माणसं असलेली मी, वय चौतीस, पार्किंगच्या मधोमध गाल फुगवून म्हणाले, "कूंऽऽ."

बाबांनी मान हलवली. "बारीक नको. जाड काढ."

मी पोटातून काढला. "हूंऽऽऊंऽऽ." चढवला, उतरवला, गिअर बदलल्यासारखा तोडला, पुन्हा चढवला. दुसऱ्या मजल्यावरचे वामनराव भाजीची पिशवी घेऊन येत होते, ते जागीच थांबले. मी थांबले नाही. बाबांनी डोळे मिटले. मान डावीकडे कलली. चार वर्षांत मी त्यांचा हा चेहरा पाहिला नव्हता.

"गाणं थांबवलं तरी येते?"

"हो."

"टेपचा आवाज कमी केला तं हाही कमी होते?"

"नाही. तेवढाच राहते."

"अजून एकदा काढ."

मी काढला. वामनरावांनी पिशवी खाली ठेवली.

बाबांनी डोळे उघडले. "अर्थिंग," म्हणाले, आणि लगेच खाली पाहिलं. मग मला म्हणाले, "माहीच चूक आहे."

अर्थिंगची तार गाडीच्या उघड्या लोखंडाला लागावी लागते, म्हणजे आधी रंग खरडावा लागतो. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. बाबांनी हजारो मोटरींचा रंग खरडलेला मी पाहिला होता. इथे त्यांनी सीटखालच्या बोल्टपाशी तार आवळली होती, पण रंगाच्या वरूनच.

"अन खरडला काहून नाही, बाबा?"

"तुया गाडीचा रंग?" ते म्हणाले. "कानस हातात घेतली होती मी. मंग वाटलं, एवढ्या हौसेनं पोरीनं घेतली. कशी ओरखडू?"

डिक्कीतल्या त्यांच्या हत्यारांतली कानस काढून मी त्यांच्या हातात दिली. खरं तर मला त्यांना मिठी मारायची होती, पण वामनराव उभे होते.

बाबा सीटखाली शिरले. रुपयाएवढी जागा खरडून लख्ख केली, तार लावली, बोल्ट आवळला. बाहेर येऊन मला म्हणाले, लाव. मी गाडी सुरू केली, टेप लावला, ॲक्सिलरेटर दाबला. बाबा गाडीकडे पाहतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. पूर्वी दुरुस्त झालेली मोटर स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय ते शेतकऱ्याच्या हवाली करत नसत.

"गेला," मी म्हटलं.

"सारा?"

"सारा गेला, बाबा."

"खरं सांगून राहिली? मायं मन राखाले नाही ना?"

"मी कोणाचं मन राखते का?"

यावर त्यांचा विश्वास बसला. माझ्या स्वभावाचा आयुष्यात झालेला एवढाच उपयोग.

शनिवारी मी गाडी नेलीच, पण कानाच्या डॉक्टरकडे. तपासणी झाली, मशीन बसेल म्हणाले, मापासाठी पुन्हा बोलावलं. रविवारी बसस्टँडवर बाबा एसटीत चढता चढता मागे वळून म्हणाले, "रुपरावचा नंबर तुया फोनमंदी टाक. त्याले म्हणजो, मोटरीचा आवाज भरून तुले पाठवाले. तू ऐकजो, अन मले काढून दाखवजो."

मंगळवारी दुपारी रुपरावांचा आवाज आला, म्हणजे त्यांच्या मोटरीचा. मी मीटिंगमधून उठले, जिन्यात गेले, तीनदा ऐकला आणि बाबांना फोन लावला. वरून अदिती कठड्याला टेकून बघत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि पोटातून काढला: गडगडगड, मधेच टक्, पुन्हा गडगड.

मला दिसत नव्हतं, पण मान डावीकडे कलली असणार.

"बुडाचे नट ढिले झाले," बाबा म्हणाले. "मोटर काढू नको म्हण त्याले. विहिरीत उतरून चारही नट आवळ म्हण."

"बरं. सांगते."

"वैभू, अजून एकदा काढ."

"काहून? समजलं ना तुमाले?"

"समजलं वं," बाबा म्हणाले. "तरी काढ."

मी काढला.