एकही खाडा नाही

वासुदेवराव गुरुजींच्या ध्यानवर्गात मी एक वर्ष बसलो. सकाळी सहा ते सात, गावच्या समाजमंदिरात. एकही खाडा केला नाही. मनाच्या शांतीसाठी मी गेलो नव्हतो. वर्गाचा एक नियम होता. जो वर्षभर न चुकता येईल, त्याला वर्धापनदिनी माइकवर आपला अनुभव सांगायला मिळे. मला तो माइक हवा होता.

माझी बायको बायाबाई माझ्याआधी त्या वर्गात जायची. तिला बीपी होता. गोळ्या लाखांदूरच्या सरकारी दवाखान्यातून मी आणायचो. एक दिवस ती वर्गातून आली आणि म्हणाली, "अवो, आता गोळ्या आनाले जाऊ नोका. गुरुजी म्हनले, श्वासावर ध्यान ठेव आन् गोळ्या सोड."

"डॉक्टरले इचारलं का?"

"तुमीच इचारा. म्या तं सोडल्या."

मी विचारलं नाही. जाण्यायेण्यात मासे धरायचा एक दिवस बुडायचा, तो वाचला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. तीन महिन्यांनी ती चुलीपुढे भाकर थापता थापता कलंडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. चार दिवस ती काहीतरी सांगू पाहत होती, पण आम्हाला एक शब्द कळला नाही. पाचव्या दिवशी गेली.

तेरवीला गुरुजी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शांतपणे गेली, इतवारी. ध्यान करणारी बाई होती." मी तिच्याजवळ होतो. ती शांतपणे गेली नव्हती. तिथल्या तिथे त्यांना विचारावं असं वाटलं. पण अंगणात दहा माणसं होती, आणि दहाही त्यांच्याच पाया पडणारी. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, वर्गाची फी घेत नाहीत, पाच गावांत त्यांना मान. मी तलावात मासे धरणारा ढिवर. बायको गेली म्हणून डोकं फिरलं, असं लोक म्हणाले असते. म्हणून ठरवलं, बोलायचं तर त्यांच्या माइकवरून, त्यांच्या सगळ्या माणसांपुढे. पुढच्या सोमवारी मी वर्गात जाऊन बसलो.

बसणं मला शिकवावं लागलं नाही. लहानपणापासून मी तलावाच्या पाळीवर गळ टाकून बसत आलो. आपली सावली हलली तरी मरळ मासा निघून जातो. गुरुजी मला बाकीच्यांना दाखवायचे. "पाहा, इतवारी कसा बसला आहे. पापणी हलत नाही." माझ्यामागे टेकचंद रोज घोरायचा. त्याची समाधी लागली असं गुरुजी म्हणाले नाहीत, एवढंच.

मी श्वास आत घेताना मनात म्हणायचो, गोळ्या सोड म्हणाले. बाहेर सोडताना म्हणायचो, वासुदेवराव म्हणाले. तासभर तेवढंच. ध्यानाने राग जातो असं लोक सांगतात. माझा गेला नाही. आधी राग आला की माझे हात कापायचे आणि बोलणं अडकायचं. ते मात्र ध्यानाने थांबलं.

ताप असताना गेलो. माझ्या मुलीचं, ज्योत्सनाचं, सासर करडीला. तिच्या लेकीच्या बारशाला गेलो नाही, कारण आदल्या रात्री मुक्काम करावा लागला असता.

"बाबा, आई तं नाईच. आता तुमी बी येनार नाई?" ती फोनवर रडत होती.

"सकाळचा वर्ग चुकते, बाई."

"एका दिवसानं काय होते? नोकरी हाये का थे?"

मी फोन ठेवला.

पोळा झाल्यावर एक दिवस वर्गातून परतताना शेजारची शकुनबाई माझ्यासोबत होती. तिलाही बीपी. "भाऊ," ती खुशीत म्हणाली, "म्या बी गोळ्या सोडल्या. गुरुजी म्हनले, तुह्या चेहऱ्यावर तेज आलं."

मी थांबलो. तिला सांगितलं असतं तर ती गुरुजींकडे गेली असती, गुरुजी सावध झाले असते आणि माइक गेला असता. वर्ष व्हायला अजून पाच महिने होते.

"बरं," मी म्हणालो.

त्यानंतर रोज सकाळी डोळे मिटण्याआधी ती आली आहे की नाही, ते मी पाहायचो. आली असली की मिटायचो.

वर्धापनदिनाला मांडव घातला, दोन भोंगे लावले. पाच गावांची माणसं आली. गुरुजींनी मला स्टेजवर बोलावून हार घातला. "याची बायको गेली. ध्यानाने याला सावरलं. सांग इतवारी, तू ध्यान कशासाठी करतोस?"

मी माइक हातात घेतला. "तुमचं नाव घ्यासाठी, गुरुजी. माह्या बायकोले तुमी बीपीच्या गोळ्या सोड म्हनले. तिनं सोडल्या आन् तीन महिन्यानं मेली. म्या आनून देनं बंद केलं, थे माह्या माथ्यावर. तुमचं तुमी सांगा."

गुरुजी हसले. लोकांकडे वळून म्हणाले, "इतवारी दुःखात आहे. सर्वांनी डोळे मिटा. आपण त्याच्यासाठी शांती मागू."

आणि लोकांनी खरंच डोळे मिटले. दोनशे माणसांनी.

"मिटा," मी म्हणालो. "कान उघडेच राहतेत. गुरुजी, सोड म्हटलं का नाई?"

"हळूहळू गरज पडणार नाही, असं म्हटलं होतं."

"मले तं सोडच म्हटलं ना!" शकुनबाई खालून उठून उभी राहिली. "पोळ्यापासून एक बी घेतली नाई म्या."

"माह्या मायले शुगरची सोड म्हटलं," टेकचंद म्हणाला. तो जागा होता.

सगळ्यांचे डोळे उघडले. मी माइक गुरुजींच्या तोंडापुढे धरला आणि धरूनच ठेवला. त्यांनी एकदा शकुनबाईकडे पाहिलं, एकदा टेकचंदकडे.

"हो," ते म्हणाले. "मीच सोड म्हटलं. बायाबाईलाही."

भोंग्यांतून ते तलावापर्यंत गेलं असेल. गुरुजी खुर्चीवर बसले, चष्मा काढला, परत घातला. मी पोटभर पाहिलं. मला बरं वाटलं. वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल.

शकुनबाई स्टेजवर चढली. मला वाटलं ती त्यांच्याकडे जाईल. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुले तं म्या तवाच सांगतलं होतं. तू चूप काहून राहिला?"

माइक सुरूच होता. "मले हा माइक पाहिजे होता," मी म्हणालो.

"आन् मी मेली असती तं?"

"तं तुहं बी नाव घेतलं असतं."

तिने खाली बसलेल्या आपल्या सुनेला हाक मारली. "रीता, चाल. लाखांदूरची एसटी भेटते अजून." दोघी मांडवाबाहेर गेल्या. त्यांच्यामागून लोक उठू लागले, चपला शोधू लागले. माझ्याशी कोणी बोललं नाही, गुरुजींशीही नाही. थोड्या वेळाने स्टेजवर आम्ही दोघेच उरलो.