पुढच्या डाव्या चाकाची हवा

हेतलचं बारसं ज्या वर्षी झालं, त्या वर्षी मी या घरात आलो. साल २०१९, जून महिना, पाऊस तोंडावर. मी आता एक जुना, झिजलेला टायर आहे आणि मित्रांनो, मला राग आला आहे. चार वर्षं गप्प फिरलो. आता फिरणं संपलं, तेव्हा बोलून घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. दक्षिणेकडच्या झाडांचा चीक, काजळी आणि पोलादाची बारीक तार एकत्र करून मला तापलेल्या साच्यात दाबलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या कुशीवर अक्षरं आणि आकडे उमटले होते. केवढी अक्षरं! माझं माप काय, मी ओझं किती उचलीन, मी कोणत्या आठवड्यात जन्मलो, सगळं त्यात लिहिलं आहे. या चार वर्षांत ते कुणीही वाचलं नाही. लिहिणाऱ्याने उगाच कष्ट घेतले.

तिथून मी डहाणू रोड स्टेशनजवळच्या जिग्नेशभाईंच्या दुकानात आलो. एके दिवशी तिथे एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. तिच्या चारही टायरांना टक्कल पडलं होतं. आतून तिघं उतरले. किनाऱ्यावर ज्यांची मासेमारीची होडी होती ते मोतीराम तांडेल, बाजारात मासे विकणारी त्यांची बायको मैना आणि गाडी चालवणारा त्यांचा मुलगा नयन. नयनची बायको रुपल बाळंतपणाला झरीला माहेरी गेली होती. बारसं तिथेच होतं. ते उरकून बाळाला, म्हणजे हेतलला, घरी आणायचं होतं. मैनाने घरातच सांगून टाकलं होतं की नात या टकल्या टायरांवर बसून पावसातून येणार नाही म्हणजे नाही.

जिग्नेशभाईंनी मला पुढे ढकललं. भिंतीवर माझं चित्र होतं. चित्रात मी बर्फाच्या डोंगरावर चढत होतो.

"काकी, आ जुओ. बारमाही टायर. ऊन, पाऊस, बर्फ, सगळ्यात चाले."

"बर्फ माझ्या पेटीत असतो," मैना म्हणाली. "डहाणूच्या रस्त्यावर कधी पडला तर तुला फोन करीन. पावसाचं बोल."

जिग्नेशभाई हसले. मग त्यांनी नीट सांगितलं, ते खरंच होतं. जिथे रस्ते बर्फाने झाकले जातात तिथले खास टायर इथल्या उन्हात खडूसारखे झिजतील. स्वस्तातले जुने, वरून नवं रबर चढवलेले टायर पावसात दगा देतील. कुटुंबाच्या गाडीला मधला बरा, सगळ्या ऋतूंत निभावणारा.

मोतीराम तांडेल मला अंगठ्याने दाबून पाहत होते.

"कडक आहे. मऊ नाही का?"

"काका, टायर आहे, केळं नाय."

मैनाने मात्र मला जसं पाहिलं तसं आजवर कुणी पाहिलं नाही. पापलेट ताजं आहे का ते कल्ले उघडून बघतात, तशी तिने माझ्या एकेका खाचेत करंगळी घातली. खाच किती खोल आहे, कुठून निघते आणि कुठे बाहेर पडते, ते पाहिलं. "याच्यातून पाणी बाहेर जाईल," ती म्हणाली. "हेच घ्या." लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने टायर अगदी बरोबर निवडला. माझी ती सगळ्यात मोठी शाबासकी.

मला पुढे डावीकडे बसवलं. या व्हॅनची पुढची सीट बरोबर चाकाच्या वर असते. म्हणजे मोतीराम तांडेल बसायचे ते माझ्या डोक्यावर. त्यांचं वजन, त्यांचं खोकणं, त्यांच्या दुखऱ्या कमरेचं कण्हणं, सगळं मला वरून कळायचं.

हेतल माझ्यावर बसून घरी आली. भर पावसात, झरीपासून किनाऱ्यापर्यंत. मी पाणी कापत गेलो आणि ती झोपून राहिली. पुढे एकदा हायवेवर पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला. आम्ही चौघे टायर रस्त्याला असे चिकटलो की टोपलीतला एक बोंबीलसुद्धा खाली पडला नाही. नयन उतरून माझ्यावर थाप मारून म्हणाला, "आई, तुझी निवड भारी निघाली." ते वर्ष सुखाचं होतं.

आता रागाचं सांगतो.

पावसाळा आला की होड्या बंद होतात. बंदीच्या आधी होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायची, जाळी, दोर, इंजीन घरी आणायचं. त्यासाठी गाडी थेट वाळूत नेतात. वाळूत चाक रुतू नये म्हणून टायरातली हवा कमी करतात. टायर बसला की पसरतो आणि वाळूवर तरंगतो. ही युक्ती चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. मोतीराम तांडेल खिशातून जाळं विणायची बांबूची सुई काढत, तिच्या टोकाने माझा वॉल्व्ह दाबत. फुस्स! मी बसलो की म्हणत, "आता जा."

पण मित्रांनो, वाळू संपली की हवा परत भरायची असते! एवढं साधं. गाडी वाळूतून वर आली, घरी गेली, उभी राहिली. पाऊस सुरू झाला. मासळी नाही, म्हणून मैना सुकट आणि सुके बोंबील घेऊन तलासरीच्या बाजाराला निघाली आणि मी तसाच, अर्ध्या पोटी, पाण्याने भरलेल्या रस्त्यावर. पुढच्या पावसाळ्यात असं झालं. दुसऱ्या वर्षी झालं. तिसऱ्या वर्षीही झालं. ज्या माणसाला अंगणात उभं राहून वारा कोणत्या दिशेचा, किती वेळ टिकेल, उद्या फिरेल की नाही, हे सांगता येतं, त्याला स्वतःच्या चाकातला वारा दिसू नये?

कैनाडच्या वळणावर लहान्याचं पंक्चरचं दुकान आहे. लहान्या म्हातारा झाला आहे, पण चाक पन्नास पावलांवरून ओळखतो. गाडी दिसली की ओरडायचा, "तांडेल, पुढचं डावं बसलंय! हवा पाहून जा!"

मोतीराम तांडेल खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचे, "लहान्या, वाऱ्याचं तू मला शिकवतोस?"

गाडीतले हसायचे. गाडी पुढे जायची. मी काय करणार? तोंड असतं तर चावलो असतो.

२०२२ च्या पावसाळ्यात गावात मोठ्या माणसांचा लिहायला-वाचायला शिकायचा वर्ग सुरू झाला. होड्या बंद, हात रिकामे, म्हणून बायका जाऊ लागल्या. मैनाही गेली. शिकवणाऱ्या शितलताईंनी आधी मोबाइलवरचे आकडे शिकवले. मग मैनाला सगळीकडे आकडे दिसू लागले. दुकानाच्या पाटीवर, विजेच्या खांबावर, सिलिंडरवर.

एका बाजारच्या दिवशी ती टोपल्या गाडीत ठेवत होती. नयनच्या बाजूचं दार उघडं होतं. दाराच्या चौकटीवर एक कागद चिकटवलेला असतो, चाकांत किती हवा हवी ते सांगणारा. तो गाडी घेतल्यापासून तिथे होता. मैना वाकली आणि बोट ठेवून वाचू लागली.

"तीन... शून्य. तीस. तीन, सहा. छत्तीस. अहो, ही गाडी काहीतरी सांगतेय."

"काय सांगते? इतके दिवस कुठे होती?" मोतीराम तांडेल म्हणाले.

"इतके दिवस सांगतच होती. मला वाचता येत नव्हतं. तुम्हाला तर येतं ना?"

नयनने मान खाली घातली. तो बारावी शिकला आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा गाडी लहान्याच्या दुकानापुढे आपणहून थांबली. लहान्याने माझ्या वॉल्व्हला मीटर लावला. "अठरा," तो म्हणाला. "पुढच्याला तीस पायजे. अर्ध्या भाकरीवर राबवताय याला." त्याने हवा भरली. मी ताठ झालो. खाचा उघडल्या. काय सांगू, मित्रांनो, अंगात बळ आलं!

तेव्हापासून मैनाने नियम केला. बाजाराला जाताना लहान्याकडे थांबायचं. मीटर तीसवर आला का ते ती स्वतः वाकून वाचायची. तिला तेवढं वाचायला मिळालं की दिवसभर खूश असायची. पुढच्या वर्षी वाळूतून वर आल्याबरोबर तिने नयनला म्हटलं, "आधी हवा, मग चहा." मला वाटलं, चला, सुटलो.

नाही सुटलो. पूर्ण हवा भरली की टायर कडक होतो. खड्ड्याचा दणका वर जातो. तो दणका माझ्यावर बसणाऱ्या मोतीराम तांडेलांच्या कमरेला लागायचा. होडी ओढून ओढून त्यांची कंबर गेली होती. दर खड्ड्याला ते ओठ दाबायचे. पण दुखतं म्हणून कधी बोलले नाहीत. तांडेल आहेत ना, होडीचे कप्तान! खोल समुद्रात लाटा खाल्लेल्या माणसाने खड्ड्याची तक्रार बायकोजवळ कशी करायची?

मग त्यांनी काय केलं, ते फक्त मला माहीत होतं. त्या दिवशी पाऊस रात्रीपासून लागला होता. मैना घरात टोपल्या बांधत होती. मोतीराम तांडेल छत्री घेऊन माझ्याजवळ उकिडवे बसले. खिशातली सुई काढली. फुस्स. थोडं थांबले. कमरेला हात लावला. परत, फुस्स. फक्त माझीच. बाकीच्या तिघांना हात लावला नाही, कारण बाकीच्यांच्या डोक्यावर ते बसत नव्हते.

मैना बाहेर आली. "पाऊस फार आहे. आज लहान्याकडे थांबलो तर सगळ्या टोपल्या भिजतील. हवा पाहिली का हो?"

"पाहिली," ते म्हणाले.

तो एक शब्द मी चार वर्षांतल्या सगळ्या फुस्सपेक्षा जास्त वेळा आठवला आहे.

लहान्याचं दुकान पावसामुळे अर्धं झाकलेलं होतं. त्याने आतून काहीतरी ओरडून सांगितलं. पावसाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. पुढे एका मोरीच्या अलीकडे रस्त्यावर पाणी साचलं होतं. गाडी आधीच डावीकडे ओढत होती. नयन स्टिअरिंग सावरत होता. पाण्यात शिरलो आणि माझ्या खाली रस्ताच राहिला नाही. भरलेला असतो तर मी पाणी कापलं असतं. त्यासाठीच तर मैनाने मला निवडलं होतं. पण बसलेल्या टायरच्या खाचा मिटतात आणि पोट आत जातं. मी पाण्यावर नुसता तरंगलो, जसा वाळूवर तरंगायचो तसा. त्यांनी मला तेच तर शिकवलं होतं. गाडी फिरली आणि डाव्या बाजूने मोरीच्या कठड्यावर आदळली.

मैनाच्या हाताला लागलं. नयनच्या कपाळाला. ते दोघं उजवीकडे होते, म्हणून बचावले. मोतीराम तांडेलांना कॉटेज हॉस्पिटलला नेलं.

मग रस्त्यावर जमलेली माणसं बोलू लागली. "टायर बोगस असणार." "आजकाल सगळा नकली माल." "त्या जिग्नेशला धरा." मी चिखलात रुतलो होतो. सगळी बोटं माझ्याकडे होती. चार वर्षं मला कुणी वाचलं नाही आणि आता सगळे वाचक झाले.

लहान्या भिजत आला. मीटर काढून त्याने आधी बाकीच्या तिघांना लावला. तीस. छत्तीस. छत्तीस. मग मला लावला आणि मीटर मैनाकडे धरला. तिने एका हाताने दुसरा हात धरलेला होता. ती वाकली.

"एक... चार," ती म्हणाली. "चौदा."

तिने पुढच्या सीटखाली पाहिलं. तिथे बांबूची सुई पडली होती. ती सुई तिने उचलली. माणसं अजून टायरला शिव्या देत होती.

"टायरला बोलू नका," मैना म्हणाली. मग स्वतःशीच म्हणाली, "कंबर दुखते म्हणून सांगायला काय झालं होतं? मी सीटवर गोधडी घडी करून घातली असती."

एक गोधडी, मित्रांनो. घरात सहा होत्या.

नवीन टायर आणले तेही बारमाहीच, जिग्नेशभाईंच्याच दुकानातून. मैना स्वतः गेली आणि परत प्रत्येक खाचेत करंगळी घातली. मला तिने टाकून दिलं नाही. आता मी होडीच्या डाव्या अंगाला बांधलेला आहे. होडी धक्क्याला लागते तेव्हा दणका मी खातो, तिला लागू देत नाही. इथे हवा लागत नाही, भरायची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. पुढच्या सीटवर मात्र एक गोधडी असते. तिथे आता हेतल बसते. तिची कंबर अजून दुखत नाही, तरी मैना रोज घडी नीट करते.

टायर निवडताना चार दुकानं फिरा, खाचा पाहा, ऋतू पाहा, जरूर पाहा. पण घेतल्यावर त्याला विसरू नका. दाराच्या चौकटीवरचा कागद वाचा. स्वतःला येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. आणि काही दुखत असेल तर सांगा. सुई काढू नका, तोंड उघडा.

मोतीराम तांडेल २३ जुलै २०२३ रोजी सकाळी वारले.