तळाशी उरलेले दोन घोट

मित्रांनो, मी प्रार्थनामंदिरातला जुना चांदीचा पेला आहे. सोनाराने घडवलं तेव्हा अंगावर ओरखडा नव्हता. आता पोचे मोजायला बसलात तर दमाल.

आधी मी पूर्वेकडच्या एका ख्रिस्ती पंथात होतो. तिथे भाकर माझ्यातल्या द्राक्षारसातच बुडवून चमच्याने भरवत आणि त्याला रक्ताविना वाहिलेला बळी म्हणत. मग इथल्या कॅथलिक फादरांकडे आलो. इथे माझी देखभाल करणाऱ्या बाईंना त्यांची भावजय वन्सं म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. भावजय दुसऱ्या पंथाची, प्रोटेस्टंट पाळकांच्या मंडळीतली. पण वीस वर्षं एका घरात राहून दोघींचं कधी वाजलं नाही.

एका रविवारी मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची उपासना, संपता संपता फादरांना चक्कर आली. वन्सं त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. माझ्या तळाशी दोन घोट राहिले. एरवी ते फादर स्वतः पितात, थेंबही ठेवत नाहीत. भावजय आवराआवर करायला आली. वन्संचे गुडघे दुखतात, तेवढंच त्यांचं काम हलकं होईल, म्हणून तिने ते मोरीत ओतले आणि मला साबणाने लख्ख घासलं. मला वाचा नाही, काय करणार.

वन्सं परतल्या, त्यांनी मला उचलून आत पाहिलं.

"वहिनी, यात होतं ते?"

"उरलेला रस ना? ओतला. आमच्यात ओततात."

"अहो, फादरांच्या प्रार्थनेनंतर तो रस राहत नाही. ते प्रभूचं रक्त होतं."

भावजयीचा चेहरा उतरला. "वन्सं, प्रभू एकदाच मेला ना आपल्यासाठी? त्यातच सगळं आलं. आम्ही त्याची आठवण करतो."

"एकदाच. बळी नवा नसतोच. पण मिस्सेत मी त्याच क्रुसाखाली उभी असते, वहिनी. आणि तुम्ही त्याला मोरीत सोडलंत."

दुसऱ्या दिवशी वन्संनी नळवाल्याकडून मोरीचा पाइप उघडवला. "अंगठी पडली का, मावशी?" त्याने विचारलं.

फादर बरे होऊन आले. म्हणाले, "प्रभूने स्वतःला माणसांच्या हाती दिलं, तेव्हा हे हात चुकतील हे त्याला ठाऊक होतं." वन्संनी मान हलवली, पण माझ्या कपाटाची किल्ली कमरेला खोचली ती खोचलीच. भावजय अजून दर रविवारी त्यांना न्यायला येते आणि दाराबाहेर उभी राहते. तिला आत या असं कोणी म्हणत नाही. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरचं भांडं धुण्याआधी विचारा, त्यात काय आहे. आणि कुणाच्या हातून ते सांडलंच, तर पुढच्या वेळी मला त्याच हातांत द्या.