काहिलीतली भाऊबीज

कार्तिकातली कोवळी, केशरी सकाळ. पंचगंगेचं पात्र संथ, निर्मळ, आकाशनिळं. दोन्ही तीरांवर उसाचे रुपेरी तुरे मंद मंद डोलत होते. आणि त्या नीलनितळ जलावरून, गिरक्या घेत, एक काळीकुट्ट काहिल चालली होती.

काहिल म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चांगली दहा माणसं बसतील एवढी. तिला ना नाक, ना शेपूट. वल्हं मारावं तर ती पुढे जायच्या आधी फिरून घेते. तीत तांबडा पटका बांधून, मांडी घालून, सत्तरीचा शिदोबा गुळव्या बसला होता. मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुळाची ढेप होती.

निघाला होता थोरल्या बहिणीकडे, गोदाक्काकडे. एस.टी.नं गेला असता तर सव्वा तासात पोचला असता. पण पाच वर्षांमागं गोदाक्का भर पंगतीत म्हणाली होती, "शिदू, गूळ करपलाय रं." गूळ करण्यात जन्म गेलेल्या गुळव्याला असं म्हणायचं? तो ताटावरून उठला आणि गरजला, "तुझ्या गावच्या वाटंला पाय लावीन तर नावाचा गुळव्या न्हाई!"

झालं. पाच दिवाळ्या आल्या, पाच गेल्या. दीपमाळा उजळल्या, रांगोळ्या रंगल्या, शिदोबाचं कपाळ मात्र कोरडंच राहिलं. आक्काची आठवण येई आणि ताटातला घास ताटातच राही. आता अशा भाऊबिजा उरल्या तरी किती? यंदा त्यानं शपथ नीट आठवून पाहिली. वाटेला पाय लावणार नाही, असं म्हटलं होतं. नदीचं नाव कुठं घेतलं होतं?

मग काय, निघाली स्वारी. वळणावळणाची ती विलासिनी नदी, वळणावळणाला फिरणारी ही काहिल! शिदोबाला क्षणात शेत दिसे, क्षणात शिवार, क्षणात मागं पडलेलं स्वतःचंच गाव. बंधाऱ्यापाशी वाट अडली, तेव्हा दहाबारा गड्यांनी काहिल उचलून पलीकडे सोडली, शिदोबासकट. त्यानं उतरायला साफ नकार दिला होता. वर नवरदेवासारखा बसून तो म्हणाला, "जरा जपून, गूळ हाय." पोरं हसून हसून बेजार झाली.

दुसऱ्या दिवशी, ऊन सोनसळी झालं असताना, आक्काच्या गावचा घाट दिसला. बातमी केव्हाच पुढे पोचली होती. घाट माणसांनी फुलला होता आणि शेवटच्या पायरीवर, निरांजनाचं ताट घेऊन, गोदाक्का उभी होती. शिदोबानं पटका सारखा केला. हिनं तोंड फिरवलं तर?

"उतर की," आक्का म्हणाली.

"शपथ हाय, आक्का."

तिनं एक निःश्वास टाकला, नऊवारीचा ओचा खोचला आणि ती गुडघाभर पाण्यात शिरली. ओवाळायला ताट उचललं, तो काहिल वळली आणि समोर भावाची पाठ आली.

"हलू नगंस."

"मी कुठं हलतोय? हीच हलतीया."

शेवटी आक्कानं ताट स्थिर धरलं. ज्योत निश्चल, निवांत, नि भाऊच तिच्यापुढं फिरू लागला. तोंड समोर आलं, तिनं कुंकू लावलं. फिरून आलं, अक्षता लावल्या. पुन्हा आलं, तेव्हा ढेपेचा एक खडा मोडून त्याच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या. डोळे मिटून चघळला.

"शिदू," ती हळूच म्हणाली, "तवाचा गूळ बी चांगलाच हुता रं. मीच उगा बोलले."

शिदोबानं उत्तराला ओठ उघडले आणि तेवढ्यात काहिल वळली. त्याचे भरून आलेले डोळे घाटाला दिसलेच नाहीत. ते दिसले पैलतीरीच्या रुपेरी तुऱ्यांना, आणि संथ, संथ वाहणाऱ्या पाण्याला.